मिलच्या मैदानावरचं तीर्थ

॥ श्री गजानन ॥

सावंगी (मेघे),
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्नास,
जाऊबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची हाताला सवय, म्हणून आधी तेच लिहिलं आणि मग खोडलं. यांना बुधवारपासून इथे सावंगीला दवाखान्यात ठेवलं आहे. आता चांगली शुद्ध आहे. काल पेज घेतली, आज मऊ भात. दोन दिवसांत सोडतील म्हणतात. मी वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद अंजूच्या जुन्या वहीचे आहेत, मागे तिची गणितं दिसतील, तिकडे लक्ष देऊ नको.

तुझा फोन दसऱ्यापासून लागत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला असशील तर मी दोष देत नाही. तसाही माझा फोन यांच्याच उशाशी असतो. म्हणून अंजूच्या हाती पत्र देते. काकूच्याच हातात द्यायचं, काकांच्याही नाही, असं तिला बजावलं आहे.

जे आधी लिहायला हवं ते लिहिते. प्रफुलला घराबाहेर एकट्याला सोडू नको. रविवारी नव्या स्टेडियमवर पहिला सामना आहे, तिथे तर मुळीच नाही. त्यानं आपल्या मोठ्या बाबांना, म्हणजे यांना, पाण्यातून काहीतरी पाजलं, असं लोक बोलताहेत. हे तुझ्या कानावर आलंच असेल, तुमच्या दुकानाच्या शटरला काळं फासल्याचं अंजूनं सांगितलं. पण काल मी जे ऐकलं ते तू ऐकलेलं नाहीस.

काल दुपारी यांना भेटायला वासुदेवराव आणि त्यांचा पुतण्या मुकेश आले होते. वासुदेवराव म्हणजे तेच, गोल झाला की शंख फुंकणारे. भेटून खाली गेले. मी नळावर तांब्या भरत होते, भिंतीपलीकडे ते चहा पीत उभे होते, आणखी दोघं-तिघं होते. मुकेश म्हणत होता, "पोट्टं लाडानं पाणी पाजाले आलतं काय? बाटली ठेवली आहे मी जपून."

कोणीतरी म्हणालं, "पोलिसात दे मंग."

"पोलीस कायले? रविवारी फाटकावरच दोन्ही पाय पाहून घेतो त्याचे. मंग पाहू कसा पेनल्टी मारते तो."

आणि हसले गं. वासुदेवराव नाही हसले, पण त्यांनी मुकेशला गप्पही केलं नाही. माझा तांब्या भरून वाहत होता आणि नळ बंद करायला हात उठत नव्हता. थेंबथेंब पाणी वाचवणारी मी, तू ओळखतेस मला.

ज्योत्स्ना, बाहेरच्या कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही की फुटबॉलचा क्लब मिलच्या मैदानावर ठेवायचा की हायवेवर न्यायचा, एवढ्यापायी सख्खे भाऊ असे तुटले. पोळ्यानंतर आपल्या ओसरीवर दोन्हीकडचे लोक बसले होते, आठवतं? तू चहा दिलास, मी भजी तळली. तेव्हा भांडण होतं, पण विष नव्हतं. वासुदेवराव म्हणाले होते, "वणा क्लब म्हणजे वणेच्या काठचा क्लब. हायवेवर नेला तं टोलनाका क्लब म्हणाचं काय त्याले?" भाऊजी चिडले. "दर पावसाळ्यात गुडघाभर गाळ येते तुमच्या काठावर. दोन पोरांचे पाय मोडले. जागा मिलवाल्याची, तो उद्या प्लॉट पाडन. मंग कुठं खेळाचं, तुमच्या गच्चीवर?" कोणी म्हणालं, "तिथं बसाले खुर्च्या आहेत म्हणे." तर हे म्हणाले, "खुर्चीवर बसून शिवी देता येत नाई बाप्पा. शिवी उभ्यानंच द्या लागते." किती हसले होते सगळे. भाऊजीसुद्धा.

खरं सांगू? मला नवं स्टेडियम मनातून आवडलं होतं. बायकांना बसायला वेगळी जागा, त्यांच्यासाठी संडास. इतकी वर्षं आपण दोघी भिंतीच्या फटीतून सामने पाहिले आणि मध्येच घरी पळालो. पण हे यांच्यासमोर बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

खांडेनवमीला दरवर्षी आपण दोघी मिळून गोलच्या खांबांना हळदकुंकू लावतो. सासऱ्यांनी रोवलेले सागवानी खांब, घरातल्या विळी-पावशीसारखीच त्यांची पूजा. या वर्षी तू आली नाहीस. मी एका खांबाला लावलं आणि दुसऱ्याकडे जाते तोच भाऊजी ट्रॅक्टर घेऊन आले, खांब उपटून नव्या जागी न्यायला. पुढचं तुला भाऊजींनी त्यांच्या बाजूनं सांगितलं असेल. मी पाहिलं ते असं, की यांनी खांबाला मिठी मारली आणि म्हणाले, "आधी मले उपटा." ट्रॅक्टर परत गेला. मग यांनी पूजेतलं बेलाचं पान उचललं आणि सगळ्यांदेखत बोलले, की रविवारचा हा सामना याच मैदानावर होईल असं क्लब सांगत नाही तोवर कोजागिरीपासून अन्न घेणार नाही, आणि आपल्या घरचा पाय त्या स्टेडियमवर पडणार नाही.

कोजागिरीला दुधालाही तोंड लावलं नाही. खांबाखाली चटई टाकून बसले. फक्त पाणी. मी घाबरले ते तेव्हापासून. वय काय, साखरेचं दुखणं काय! डॉक्टरांनी मागे बजावलं होतं की गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मी गोळी घेऊन गेले तर म्हणाले, "गोळी जेवणासोबतची. जेवण नाई तं गोळी नाई." मला वाटलं हट्ट करताहेत.

बुधवारी सकाळी प्रफुल आला. सरावाचे कपडे अंगावर होते. इतक्या लोकांत वाकून पाया पडला, कोणाला भ्याला नाही. म्हणाला, "मोठे बाबा, पाणी तं चालते ना?" हे म्हणाले, "तुया हातचं काऊन नाई चालन?" त्याच्या बाटलीतून दोन घोट घेतले. पाठीवर हात ठेवला त्याच्या. म्हणाले, "डाव्या पायावर भर देजो." थोड्या वेळानं यांना घाम फुटला, जीभ जड झाली, भलतंच बोलायला लागले आणि चटईवर कोसळले. मुकेश आणि बाकीचे ओरडत होते. यांना उचलून गाडीत कोणी घातलं, तर तुझ्या पोरानं. सावंगीपर्यंत डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दवाखान्याच्या दारातच मुकेशनं त्याची कॉलर धरली, तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता. "मोठी आई, सांग ना यांना," म्हणाला.

मी काही सांगितलं नाही.

ज्योत्स्ना, त्या पाण्यात काही नव्हतं. हे मला इतकं पक्कं ठाऊक आहे, कारण जे होतं ते माझ्या तीर्थात होतं.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. बुधवारी पहाटे देवपूजा झाल्यावर मी यांची गोळी खलबत्त्यात कुटली आणि तीर्थात मिसळली. एक नाही. आदल्या दिवशीची राहिली होती, तीही धरली. किराण्याची मागची बाकी आपण पुढच्या महिन्यात भरतो ना, तसा माझ्या डोक्यात हिशेब. महिन्याच्या गोळ्या आणलेल्या, डब्यात पडून होत्या, तेही मनाला लागत होतं. उपवासाला तीर्थ चालतं. कोणी तीर्थाला नाही म्हणत नाही. यांनी ओंजळ पुढे केली, घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला. म्हणाले, "आज कडू लागते." मी म्हटलं, तुळस जास्त पडली.

देवाच्या पळीनं दिलं, आणि वर खोटं बोलले. जन्मभर नाही कधी केलं असं.

इथे डॉक्टरांनी विचारलं, पोटात अन्न नाही, मग साखरेची गोळी दिली होती का? मी मान हलवून नाही म्हटलं. सगळे उभे होते. सलाईननं साखर वर आली, मला वाटलं झालं, आता कोणाला कळायचं कारण नाही. संध्याकाळी पुन्हा उतरली. डोळे वर गेले यांचे. तेव्हा मी त्या लहान डॉक्टरीणबाईचा हात धरला आणि सांगून टाकलं. ती ओरडली नाही. नुसती पळाली. नंतर तिनंच समजावलं, की उपाशी पोटी ती गोळी साखर पार खाली नेते, आणि तिचा जोर लवकर जात नाही. म्हणजे यांचं म्हणणं बरोबर होतं. मी मॅट्रिक झालेली, पाकिटावरचं अक्षर अक्षर वाचते, आणि मीच यांना मरणाच्या दारी नेलं. दोनदा.

इथवरचं वाचून तू म्हणशील, मग कालच वासुदेवरावांना का नाही सांगितलं? भिंतीपलीकडेच तर उभे होते.

त्याचंही लिहायचं आहे. इथे पेन थांबतं, कारण हे माझं एकटीचं नाही.

काल सकाळी मी यांना सांगितलं. पायाशी बसून सांगितलं. मला वाटलं उपवासात ताट लोटलं तसं लोटून देतील मला. हे हळूच म्हणाले, "कोणाले सांगतलं?"

"डॉक्टरीणबाईले."

"बस. आता रविवारपर्यंत तोंड उघडजो नको."

मी म्हटलं, "अहो, प्रफुलवर आळ येऊन राह्यला."

"त्याले काई होत नाई. मी आहो ना. लोक दोन दिवस तापले तं तापू दे. तुया भाऊजीनं, भूपेंद्रनं निरोप पाठवला, सामना पुढं ढकलाचा विचार करून राह्यला. उपवासानं जे नाई झालं ते यानं होऊन राह्यलं, अंजूची आई." असं म्हणताना यांच्या तोंडावर उजेड आला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दुपारी वासुदेवरावांनी यांना सरळ विचारलं, "प्रभाकरराव, पोराच्या पाण्याची चव कशी होती?" मी उशाशी उभी होते. हे एक शब्द बोलले असते, चांगली होती म्हणून, तर तिथेच मिटलं असतं. यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आता आठवत नाई."

तिथून उठूनच ते दोघं खाली गेले आणि मी तांब्या घेऊन नळावर गेले.

यांना वाईट समजू नको. प्रफुलला बॉल मारायला शिकवलं ते यांनीच. मुकेश काय बोलला तेही मी काल यांना सांगितलं. म्हणाले, "पोकळ दम देते तो, मी ओळखतो त्याले." असेलही पोकळ. पण मी त्याचा आवाज ऐकला आहे, यांनी नाही. रात्रभर मला फाटक दिसत होतं आणि प्रफुलचे पाय दिसत होते. त्याच्या बारशाला मी ते पाय हातात धरले होते, तू झोपली होतीस.

मी आज सकाळी ठरवलं. आजवर यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. अंजू तुला पत्र देऊन आजच परत येईल आणि यांच्याजवळ राहील. मी उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं हिंगणघाटला येते आणि बसस्टँडवरून सरळ मिलच्या मैदानावर जाते. शनिवारी तिथे सगळे जमतात. वासुदेवराव असतील, मुकेश असेल. त्यांच्यासमोर सांगणार, की पाण्यात काही नव्हतं, गोळी मी दिली, तीर्थातून दिली. आणि यांना ते कालपासून माहीत आहे, हे सांगायचं की नाही याचा विचार अजून होत नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढंच.

बचतगटात महिन्याचा हिशेब वाचून दाखवायचा तरी मी दुसरीला पुढे करते. इथे तर सगळे पुरुष. दिराच्या पोराला वाचवायला बाई खोटं बोलते, म्हणतील. मुकेशनं हात उचलला तर काय करायचं, तेही कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला त्यांचा नंबर दिला आहे. कोणाला खरं वाटलं नाही तर लावा म्हणाल्या.

आणि समजा पटलं सगळ्यांना. मग सामना हायवेवरच होणार. मैदान जाईल, खांब जातील, यांचा उपवास लोकांच्या हसण्याचा विषय होईल, आणि तो माझ्यामुळे. हे माझ्या हातचं पाणी पुन्हा घेतील असं वाटत नाही. देवासमोर बसून सकाळी विचारलं, की असं नवऱ्याला लाजेत घालणं पाप की पोराला मार खाऊ देणं पाप? माझ्या देवानं आजवर मला प्रत्येक वेळी काहीतरी सुचवलं आहे. आज काहीच सुचवलं नाही. मलाच ठरवावं लागलं.

भाऊजींना हे सांगायचं की नाही ते तू ठरव. पण माझ्या आधी तू मैदानावर जाऊ नको आणि भाऊजींनाही जाऊ देऊ नको, मारामारी होईल. प्रफुलला सांग, मोठी आई तेव्हा गप्प राहिली ती त्याच्यावर संशय होता म्हणून नाही, भ्याली होती म्हणून. अजूनही भ्यालेलीच आहे.

दाराला आतून कडी लावून ठेवा. कोणीही हाक मारली, ओळखीचा असला तरी उघडू नका. उद्या मैदानावरून मी कुठे जाईन हे मला आज ठाऊक नाही. घरी जाववेल का, इकडे परत येववेल का, काही कळत नाही. तुझ्याच दाराशी आले आणि बाहेरून माझा आवाज आला, तर ज्योत्स्ना, तेवढ्यापुरती कडी काढशील का?

भीत भीत तुझीच,
कौशल्या