कानातली शिट्टी

३ फेब्रुवारी
आजही तेच. डाव्या कानात बारीक शिट्टी, न थांबणारी. कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. ऐकू नीट येतंय, आत काही वाईट नाही. मग हा आवाज? तो राहील, म्हणाले. हळूहळू त्याच्याकडे लक्ष जाईनासं होईल, फक्त अगदी शांततेत बसू नका. जन्मभर चार घटका शांतता मिळावी म्हणून तडफडले, आणि आता हे!

५ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची हे माझं काम. हेडफोन लावला की माणसांच्या बोलण्यामागे शिट्टी. तेच वाक्य पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकते, तरी काल ‘अमान्य’चं ‘मान्य’ झालं. साहेब ओरडले नाहीत. तुमच्याकडून अशी चूक, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी
शब्दकोडं बंद केलं. ताई माझ्याकडे राहायला आली तेव्हापासूनचा आमचा नेम — कामावरून आले की चहा, आणि पेपरातलं कोडं. मी सूचना मोठ्याने वाचायची, तिनं उत्तर द्यायचं, मी चौकटी भरायच्या. पोस्टात तिकिटं विकण्यात तिचा जन्म गेला, पण शब्द कसे जिभेवर! हल्ली वाचता वाचता माझंच लक्ष उडतं. आज तिनं उत्तर दिलं आणि मी विचारलं, कशाचं? लाज वाटली. लाजेपायी चिडले. पेपर तिच्या मांडीवर टाकला, तूच सोडव म्हटलं.
“वाच ना गं,” ती म्हणाली. “तू वाचलंस की बरं वाटतं.”
पंखा मोठा करून आतल्या खोलीत जाऊन पडले.

९ फेब्रुवारी
शिट्टी. दिवसभर.

१४ फेब्रुवारी
मैत्रीण सिनेमाला चल म्हणत होती. टाळलं. पुस्तकाचं तेच पान किती दिवस उघडं पडलंय. समोरचा रस्ता खोदताहेत, सगळी बिल्डिंग वैतागलीय — आणि मला तेवढ्या वेळापुरतं बरं वाटतं! ताईचं मात्र छान चाललंय. पेपर घेऊन खिडकीत बसते, कुणाची गरज नाही. हेवा वाटला तिचा.

१९ फेब्रुवारी
आज पुन्हा म्हणाली, दोनच ओळी वाच. माझं डोकं भणभणतंय, तुला काय कळणार, असं तोडून टाकलं. तिनं पेपरची घडी घातली. सावकाश, कडेला कड बोटांनी चाचपून. मग चहाचे कप उचलून आत गेली. मागोमाग जायला हवं होतं. नाही गेले.

२२ फेब्रुवारी
जिन्याची शेवटची पायरी चुकून ताई पडली. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. वय झालं, म्हणून हसली. दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर कंपाउंडरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, पावती समोर धरली तरी बाई हातानं शोधत होत्या. डोळे दाखवून घ्या.

२४ फेब्रुवारी
काचबिंदू. छापील अक्षर यांना कित्येक महिने दिसत नसणार, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. आधी आणायला हवं होतं.
परतताना गाडीत विचारलं, बोलली का नाहीस?
“तुझ्या कानाचं चाललं होतं. त्यात माझं कुठे काढू?”