चष्म्याच्या वळणावर

प्रिय खारूताई,

आपल्या दारावरची यंदाची गाड्यांची रेस झाली एकदाची. तू टीव्हीवर पाहिलीस की नाही कोण जाणे, पण पाहिली असशील तर मनातल्या मनात टाळ्या पिटल्या असशील. पहिल्या लॅपला जो पुढे होता तोच शेवटच्या लॅपला पुढे, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागे शेपूट धरून. ही रेस नाही, वरात आहे, असं गेल्या वर्षी आपल्या गच्चीवर उभी राहून तू मला सुनावलं होतंस. यंदा आपल्या शेजारच्या शिंप्यानंही तेच सुनावलं. इतकी वर्षं आपल्याच गच्चीवर आपलीच खुर्ची अडवून आपलाच चहा ढोसणारा हा माणूस, त्यालाही आता मतं फुटली आहेत. मी त्याला म्हटलं, तुला ओव्हरटेकच बघायचे असतील तर बसस्टॉपवर जाऊन उभा राहा.

तुम्हा नव्या लोकांना भिंतीचं काही वाटतच नाही, हे खरं दुखणं आहे. रस्त्यावरच्या रेसमध्ये कोण कोणाच्या पुढे गेलं हे बघायचं नसतं. चारही चाकं उघडी, दोन्ही बाजूंना भिंत, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, आणि त्यातून एक माणूस दर लॅपला भिंतीला चाटून जातो पण लागत नाही, हे बघायचं असतं. आपल्या दुकानावरचा तो भलामोठा पत्र्याचा चष्मा बघून पूर्वी ड्रायव्हर ब्रेक लावायचे. डावी काच दिसली की ब्रेक, उजवी दिसली की उशीर झाला. म्हणून तर या कोपऱ्याला अख्खं गाव चष्म्याचं वळण म्हणतं. आता तिथं वळण किती मीटरवर ते सांगणाऱ्या आकड्यांच्या पाट्या ठोकल्या आहेत, पोरांना मोजता यावं म्हणून. गाड्याही अशा फुगवून ठेवल्या आहेत की आपल्या कोपऱ्यात दोन शेजारी उभ्या केल्या तर मध्ये मांजर जाणार नाही. मग पुढे जाणार कुठून? आणि दोष कोणाला, तर रस्त्याला! शंभर वर्षांच्या रस्त्यानं काय आता तुमच्यासाठी पोट आत घ्यायचं?

आणि तुझे ते ‘व्यवस्थित’ ट्रॅक. मोकळ्या माळावर डांबर ओतायचं, दोन्ही बाजूंना निळे-लाल पट्टे ओढायचे, आणि चुकलास तर चूक, बाळा, पट्ट्यावरून फिरून ये, कोणी रागावणार नाही. त्याला मी पार्किंग म्हणतो. तिथं चूक आणि बरोबर यांच्यात फरक फक्त कागदावर असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर ती चपलेच्या पट्ट्यासारखी कमान बसवली, तेव्हाही मी नाक मुरडलं होतं. तिनं जीव वाचतात म्हणतात. वाचोत बापडे, पण दिसते चपलेसारखीच, आणि दिसतं ते मी बोलणार.

दुकानाचं म्हणशील तर तेच. रेसच्या आठवड्यात दारासमोर काँक्रीटचे ठोकळे आणि वर जाळी, त्यामुळे गिऱ्हाइकं शिंप्याच्या मागच्या दारानं, त्याच्या अर्धवट पाटलोणींमधून वाट काढत येतात. आणि येतात ती कशी! परवा एक बँकेतले साहेब आले. वर्तमानपत्र हात लांब करकरून वाचत होते, हात संपला तेव्हा माझ्याकडे आले. म्हणे हल्ली अक्षरं फार बारीक छापतात हो. मी म्हटलं, छापखान्याला कळवतो. चष्मा लावल्यानं नाक कापलं जात नाही, हे वाक्य मी जन्मभर या काउंटरवर उभा राहून म्हणत आलोय, आणि माणसं जन्मभर छापखान्याला, दिव्याला, शाईला, सरकारला शिव्या देत आली आहेत. स्वतःचे डोळे सोडून सगळ्यांचं चुकलेलं असतं. या जातीची मला पहिल्यापासून किळस आहे. दाराची घंटी तेवढी बिघडली आहे. गिऱ्हाईक आत येऊन माझ्या पाठीशी उभं राहतं तरी वाजत नाही. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, ठीक आहे म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. चोर सगळे. तुझी आत्यासुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. एवढी खणखणीत बाई, पण कवळी बसवल्यापासून तिचा आवाज पार गेला. टीव्हीवरच्या समालोचकांचं तर विचारूच नकोस, घशात गोळी अडकल्यासारखे बोलतात.

तुला आठवतं का ग, तू एवढीशी होतीस आणि कठड्यावर चढून बसायचीस? खारूताई नाव त्यातूनच पडलं. तुझी आई खालून कापसाचे बोळे घेऊन धावत यायची आणि आधी तुझ्या, मग माझ्या कानात कोंबायला बघायची. तुझ्या कानात ती कोंबायचीच. मी मात्र तिला हसायचो. कानात बोळे घालून रेस बघायची म्हणजे नाक दाबून जेवायचं. ती खाली गेली की मी तुझेही काढायचो, मग ती पुन्हा वर यायची, पुन्हा कोंबायची, आणि त्या बाईपुढे माझं काही चालायचं नाही. मग तू डोळे मिटून बसायचीस आणि गाडी वळणावर यायच्या आत नुसत्या आवाजावरून कोणती ते सांगायचीस. बोळे घालूनसुद्धा! बारा सिलिंडरवाली आली की तू म्हणायचीस, बाबा, ही ओरडत नाही, गाते. शिंपी तेव्हापासून तुला मानतो. मी तर तेव्हा सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो.

आणि तीच तू गेल्या वर्षी त्याला घेऊन आलीस. तुझ्या त्याला. लग्न करणार म्हणून दाखवायला आणलंस, आणि रेसच्या दिवशी आणलंस, म्हणजे तुझ्या दृष्टीनं त्याचा मानच केलास, हे मला कळत होतं. पण तो गच्चीवर आला तोच कानांवर ते दोन मोठे वाटगे चढवून, विमानतळावरच्या हमालासारखा. मी त्याला विचारलं की हे कशाला, तर म्हणाला, काळजी घेतलेली बरी. जन्मात पहिल्यांदा माझ्या गच्चीवर कोणी काळजी घेतली. मग त्यानं मोबाइल काढून मला आकडे दाखवले, आपल्या सर्किटवर किती वर्षांत किती ओव्हरटेक, आणि माळावरच्या त्या पार्किंगमध्ये किती. मी त्याला काय काय बोललो ते तुला पाठ असेल. पाणी कमी घातलेल्या पिठासारखा माणूस आहे, कुठं वळत नाही, असंही म्हणालो, आणि ते त्याच्या कानांवरच्या वाटग्यांमधूनही त्याला ऐकू गेलं. तू त्याची बाजू घेतलीस. मी म्हटलं या नव्या गाड्यांना आवाजच नाही, शिवणयंत्रं बरी. तू म्हणालीस आहे आवाज, पूर्वीपेक्षा कमी असेल, पण आहे, चांगला आहे. मी म्हटलं तुझे कान त्याच्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं निघून गेलात, आणि मी खाली दुकानात कोणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू घट्ट करत बसलो.

आवाजाबद्दल माझं मत मी एकट्याचं समजत नव्हतो, हे लक्षात घे. सगळेच म्हणतात. जुना कोणताही शौकीन घे, नवी इंजिनं मुकी आहेत हेच सांगेल. त्यामुळे दरवर्षी गाड्या आणखी मुक्या होत गेल्या तरी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शिव्या द्यायला कारण मिळालं, एवढंच. यंदा तर नुसती गुणगुण होती, कोपऱ्यात डास असावा तशी.

मग रेस संपल्यावर जुन्या गाड्यांची फेरी निघाली. सर्किटचा वाढदिवस होता म्हणून कुठल्याशा श्रीमंतांच्या गॅरेजमधून चार-पाच गाड्या आणल्या होत्या, आणि त्यांत ती निळी होती. तुझी गाणारी. मी खुर्चीवरून उठलो, चष्मा पुसला, कठड्याला टेकून उभा राहिलो. ती वळणावर आली. शिंप्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. खाली जाळीपाशी एका बाईच्या कडेवरचं पोर तोंड वासून रडताना दिसलं. दुकानावरचा पत्र्याचा चष्मा थरथरत होता, कठडा माझ्या हाताखाली थरथरत होता, छातीतसुद्धा काहीतरी हादरत होतं. आणि कानांत तोच डास. मी शिंप्याकडे वळून म्हटलं, बघ मेल्यांनी म्हातारीच्या पोटातही मुकं इंजिन बसवलं. शिंपी माझ्याकडे बघायला लागला. मी त्या बँकेतल्या साहेबांकडे बघतो ना, अगदी तसा. काहीतरी बोलला, त्याचे ओठ हलले. मग त्यानं खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि कठड्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, बहिरा झालायस का रे?

मी त्याच्यावर खेकसलो आणि खाली आलो. जिन्यात बसलो. दाराची घंटी, दुरुस्तीवाला, आत्याची कवळी, समालोचक, एकेक आठवत गेलं. अक्षरं फार बारीक छापतात हो. जन्मभर ज्यांना हसलो त्यांच्या रांगेत मी कधीच जाऊन उभा होतो, आणि पाठ करून उभा असल्यामुळे मला रांग दिसत नव्हती. पण त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. माणसं बहिरी होतात, त्यात काय. मग जिन्यात बसल्या बसल्या मला तुझा तो फोन आठवला.

थंडीतला रविवार होता. माळावरच्या त्या पार्किंगची रेस नुकतीच संपली होती, आणि रेस संपली की तुझा फोन येणार हे इतक्या वर्षांचं ठरलेलं. भांडण झाल्यावरही तू तो चुकवला नव्हतास. मीच आपला हूं हूं करून लवकर ठेवत होतो. तुला वाटत असेल राग आहे म्हणून, आणि मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी तू खूप वेळ बोललीस. मला एक अक्षर कळलं नाही. मी ठरवून टाकलं की तुला अखेर पटलंय, ती रेस भिकार होती हे तू कबूल करतेयस. गुणगुण थांबली तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, त्यात काही दम नव्हता. सुटलीस. तू फोन ठेवलास. मला वाटलं हरलीस म्हणून ठेवलास, आणि नंतरही म्हणूनच करत नाहीस. मी खूश होतो त्या रात्री, खारूताई.

यंदाच्या रेसच्या संध्याकाळी, जिन्यातून उठून, मी तुझ्या आत्याकडे गेलो आणि तिला म्हटलं, मोठ्यानं बोल, पोरीचं काय चाललंय ते सांग. ती इतक्या मोठ्यानं बोलली की अख्ख्या गल्लीला कळलं. त्यानं ठरलेलं लग्न मोडलं. त्या रविवारी सकाळी मोडलं, आणि दुपारी तू पहिला फोन बापाला केलास.

म्हणून हे पत्र. रेसच्या गप्पा मी पुढे रेटत राहिलो कारण आपल्याला दुसऱ्या कशानं सुरुवात करता येत नाही, निदान मला येत नाही. मी जे बोललो ते त्या माळावरच्या ट्रॅकला बोललो ग. तुला नाही. तुझ्या दुःखाला कोणता बाप असं म्हणेल? मला तो माणूस आवडला नव्हता, हे मी आता गोड बोलून बदलणार नाही. कानांच्या बाबतीत तेवढं त्याला कळत होतं, आणि ते कबूल करताना माझ्या पोटात दुखतंय. पण तू रडत होतीस आणि मी शाबासकी दिली, हे आठवलं की जेवण जात नाही. कानाच्या डॉक्टरकडे गुरुवारी जातोय, शिंपी बरोबर येणार आहे, मेला गावभर सांगत सुटला आहे. तू फोन करू नकोस. मी पुन्हा बरं झालं म्हणून बसेन. तू ये. उजव्या बाजूला बस, त्या कानात अजून थोडी धुगधुगी आहे. आणि त्या दिवशी जे सांगितलंस ते सगळं पुन्हा सांग, सावकाश, माझ्याकडे तोंड करून. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
बाबा