दोन मुलींसाठी स्थळ

सोमवार, ४ मार्च

वकीलबाईंनी आज विचारलं, "तुम्ही गेलात, तर त्या संध्याकाळी मुली कुठे जेवतील?" कुठे गेले तर, असं मी विचारणारच होते! मग डोक्यात प्रकाश पडला.

मला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. पण हेही ठणठणीतच होते, आणि दीड वर्षापूर्वी कामावर गेले ते परत आलेच नाहीत. म्हणून तर मुलींच्या सांभाळाचे हे कागद करायचे.

मी म्हटलं, तिकडे घरी दादा-वहिनी आहेत, मुलींना घेऊन जाऊ म्हणालेत. बाई म्हणाल्या, ते ठीक, पण त्यांना इथे पोचायला व्हिसाबिसा धरून दीड-दोन महिने लागतील. तोवर मुली सरकार ठरवेल त्या परक्या घरी. दोघी एकाच घरी राहतील याची खात्री नाही. फॉर्मवर त्यासाठीच एक रकाना आहे — 'पहिल्या दिवसांत सांभाळणारी व्यक्ती'. याच शहरातली, सही द्यायला तयार. पंधरा दिवसांत भरून द्यायचा.

थोरली अकरा, धाकटी सहा. वेगवेगळ्या घरी? छे छे.

मंगळवार, ५ मार्च

रकाना कोरा.

गुरुवार, ७ मार्च

स्थळं बघायला लागलेय! माणूस दिसला की मनातल्या मनात चौकशी सुरू. घर केवढं, आवाज कधी चढतो, दूध सांडलं तर काय म्हणतील.

धुलाईच्या दुकानात माझं काम खिशांचं आणि दुरुस्तीचं. कपडा मशीनमध्ये जायच्या आधी खिसे रिकामे करायचे, सापडेल ते पाकिटात घालून वर नंबर टाकायचा. नऊ वर्षं करतेय. खिशावरून माणूस कळतो असं माझं ठाम मत आहे. आज एका सुटाबुटातल्या साहेबांच्या खिशात बाहुलीचा बूट निघाला. त्यांनाच विचारावं का? ओळख ना पाळख! माझं मलाच हसू आलं.

शनिवार, ९ मार्च

साखरताईंकडे जाऊन आलो. आपल्याच भाषेची माणसं, घर मोठं, आणि "तुझ्या मुली त्या आमच्याच गं" हे आजवर शंभरदा ऐकलेलं. सहीचं विचारलं तर चेहरा उतरला. "ह्यांना विचारून सांगते," म्हणाल्या. चहासुद्धा घाईघाईत झाला.

वाईट वाटलं. राग नाही आला. — इथे तरी खोटं कशाला लिहायचं? आला.

सोमवार, ११ मार्च

दुकानातली इस्त्रीवाली ऐकल्याबरोबर हो म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला आठवलं, पुढच्या महिन्यात ती लेकाकडे राहायला चाललीय, दुसऱ्या शहरात. हातचं स्थळ गेलं.

संध्याकाळी धाकटीला दम लागला. दम्याचा पंप दिला. दोनदा दाबायचं, मध्ये दहा मोजायचे, पाठीवर हात, आणि नेहमीचं — "घाबरू नकोस, मी आहे ना." एरवी इथली भाषा माझ्यापेक्षा चुरूचुरू बोलते. पण दम लागला की ती सगळी विसरते, फक्त मराठी उरतं. आता ह्याला फॉर्मवर रकाना कुठाय?

जादाचा पंप महिनाभर सापडत नाहीये. थोरलीवर ओरडले. ती दप्तर भरायला लागली.

बुधवार, १३ मार्च

थोरली म्हणाली, "आई, खालचे आजोबा चालतील?"

मी हसलेच. खालच्या मजल्यावर एकटेच राहतात, पूर्वी बस चालवायचे. मुली धावल्या की काठीने छत ठोकतात. जिन्यात भेटले की मान हलवतात — नमस्कार की नाराजी, हे सात वर्षांत मला कळलेलं नाही. आणि मराठीचा म माहीत नाही त्यांना. धाकटी त्यांच्याशी बोलणार काय, असं मी म्हटलं. थोरली म्हणाली, विचारून तर बघ.

हिच्या पोटात काहीतरी आहे. काढून घ्यायला हवं.

शुक्रवार, १५ मार्च

साखरताईंचा मेसेज. 'ह्यांना जमणार नाही म्हणतात.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

चार दिवस उरले. आज पहिल्यांदा खरी भीती वाटली. मुलींना एकाच ताटात जेवताना बघत बसले.

शनिवार, १६ मार्च

खालच्या आजोबांनी दार वाजवलं. आवाजाची तक्रार असणार म्हणून मी आधीच माफी मागून टाकली. त्यांनी कोट पुढे केला. अस्तर उसवलंय, दुकानात न्याल का? नेते म्हटलं. धाकटी माझ्यामागून डोकावली. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. हिने पाय दोनदा आपटला आणि खिदळत आत पळाली!

हे काय प्रकरण आहे?

सोमवार, १८ मार्च

कोटाचे खिसे रिकामे केले. चष्म्याचं घर, एक लेमनची गोळी — आणि धाकटीचं नाव चिकटवलेला निळा पंप. हरवलेला! सोबत घडीचा कागद. थरथरत्या अक्षरात, इथल्या भाषेत: दोनदा दाबायचं, मध्ये दहा मोजायचे, पाठीवर हात. खाली आणखी एक ओळ. लिपी इथलीच, पण शब्द लागेनात. मोठ्याने वाचली तेव्हा लागली.

'घाबरू नकोस, मी आहे ना.'

थोरलीने आता सांगितलं. महिन्यापूर्वी मी कामावर असताना धाकटीला जिन्यात दम लागला होता. आजोबाच धावून आले. नंतर त्यांनी पंप मागून घेतला, आणि आई त्या वेळी काय म्हणते ते दहादा म्हणून घेतलं. "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

रकान्यात पहिलंच विचारलंय, नाव. सात वर्षांत मी ते विचारलेलंच नाही. कोट घेऊन खाली चाललेय.