माती म्हणालीस, मी आग दिली

ताई ग,

तुला लिहायला आज दुसऱ्यांदा बसलोय. पहिल्यांदा पेन चाललं नाही. नवं आणायला बाजारात गेलो तर मावा जलेबीच्या कढईपाशीच उभा राहिलो, तिथं ओळखीचा ड्रायव्हर भेटला, आणि त्याच्या ट्रकवर केळी घेऊन थेट दिल्ली! तू मरून चार दिवस झाले होते आणि मी दिल्लीला. सच्ची सांगतो, पेनचा नुसता बहाणा होता. तुझ्याशी बोलायला तोंडच नव्हतं.

आज लिहितोच. उद्या तुझा दहावा. आबा तुझ्या अस्थी तापीत सोडणार होते. पण आपल्या निंबोल्याच्या पिंपळाला टांगलेलं तुझं मडकं मी सकाळी उतरवलं आणि इथं बुऱ्हानपुरात, तू राहायचीस त्या मार्थाबाईंच्या खोलीवर घेऊन आलो. हो, चोरलं!

तुझा शेवटचा फोन आठवतो? मी ट्रकच्या टपावर ताडपत्री बांधत होतो. तू म्हणालीस, "गणू, माझी माती कर बरं का. आबांना सांग." मी म्हणालो, "करू ना, पागल! आधी मर तर खरी." हसलीस तू. मी फोन ठेवला. दोरी सुटत होती ना.

तू गेलीस तेव्हा सरकारी दवाखान्याच्या दारात आबांनी पाच वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबद्दल विचारलं, "काही बोलली होती का?"

"माती करा म्हणाली."

"मग करतोच ना," आबा बोलले.

आपल्यात जाळायला नेलं तरी मातीलाच गेलो म्हणतात ग! तुला दफन हवं होतं, हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं? मार्थाबाई घाटावर धापा टाकत आल्या. "अरे, लाकडं कशाला? तिनं माती मागितली होती!" तोवर पेटवून झालं होतं. पेटवली मीच.

तू पण सरळ 'कबर' का नाही म्हणालीस? एवढी प्रभूची झालीस आणि बोली मात्र निंबोल्याचीच ठेवलीस!

रागवू नको. पण तुझ्या प्रभूचा मला लई राग यायचा. डोईफोडियाला, सासरी, तुझं पोरगं तापानं गेलं. 'पांढऱ्या पायाची' म्हणून नवऱ्यानं हाकललं. आपल्या दारात आलीस तर आबांनी कडी लावली. दवाखान्यात तुझं गेलेलं पोर ज्यांनी धुतलं होतं त्या मार्थाबाईंनीच तुला घरात घेतलं. तू चर्चला जायला लागलीस, तेव्हा आईनं तुझ्या नावानं आंघोळ केली. जिवंत पोरीच्या नावानं! मी ओट्यावर बसून बघत होतो. मोबाईल खेळत.

एकदा मी तुला टोमणा मारला होता, "हालेलूया म्हटल्यानं भाकर मिळते का ग?" तू तव्यावरची भाकर उलटली. "भाकर मीच थापते रे. उठून थापायची ताकद तो देतो."

मग कॅन्सर निघाला. मी ओरडलो होतो, "आता बोल! कुठाय तुझा प्रभू?" तू म्हणालीस, "बरं करतो असं तो मला कधी बोललाच नाही, गणू. सोडून जाणार नाही, एवढंच बोलला. तुम्ही तर तेवढंही नाही बोललात."

ते वाक्य अजून टोचतं ग. चपलेतला काटा कसा, पाय टेकला की टोचतो.

मार्थाबाई सांगतात, शेवटी तुला उलटीशिवाय काही जमत नव्हतं, तरी बाजूच्या खाटेवरच्या बाईचा हात धरून प्रार्थना करायचीस. कुठून आणायचीस एवढं बळ? आम्ही धडधाकट तिघं मिळून एक दार उघडू शकलो नाही.

मघाशी आबांचा फोन आला. "मडकं आण. मेल्यावर तरी आमच्यात येऊ दे तिला."

मी म्हणालो, "जिवंत होती तेव्हा का नाही येऊ दिलं?"

"तू तरी कुठं होतास रे?" आबा बोलले आणि फोन कट. बरोबरच बोलले.

चार वाजता पास्टर येतील. राखेला कबर देतात का, मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "देऊ. तिनं मागितली होती ना!" खड्डा मीच खणला. हाताला फोड आलेत.

मी काही तुझ्यासारखा विश्वासी नाही. उगाच खोटं कशाला बोलू? पण मडकं उतरवताना हात थरथरत होते, तेव्हा तुझ्या प्रभूला म्हणालो, तिच्यासाठी तरी धर मला. हात थांबले. एवढंच झालं. तुला शब्द देतो: आबा अख्खं गाव घेऊन आले तरी आज मी ट्रक पकडणार नाही. तुझ्यावर शेवटची मूठ पडेपर्यंत हलणार नाही.

तुझा भटक्या,
गणू

ता. क. ताई, आई आलीय! एकटी, रिक्षानं. आबांना न सांगता. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभी. मार्थाबाईंना पहिलाच सवाल, "ती मले शिव्या द्यायची का हो?"

मार्थाबाई म्हणाल्या, "नाही हो. रोज सकाळी प्रार्थनेत पहिलं नाव तुमचंच घ्यायची."

आई तिथंच उंबऱ्यावर टेकली. म्हणते, "त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं."