पाचव्या घरचं कापड

५ जानेवारी ७६, सोमवार
भाकरी थापून राहिली होती तं दारात एक म्हातारी. धंतोलीत राहायचं म्हणजे हेच, दवाखान्यातले लोक पाणी मागाले येतातच. पाणी दिलं. तरी हलेना. म्हटलं, "आता काय?"
म्हणे, "जुनं कापड दे वं बाई. सून बाळंत झाली. दोन गेले, हे तिसरं. पाच लेकुरवाळ्या घरचं मागून घालतो आमच्यात, मंग टिकते. चार घरं झाले."
शेजारचे पोट्टे माह्या अंगणात जेवून राहिले होते. तिले वाटलं माहेच.
सांगायचं होतं. तोंड उघडलं अन् सांगायच्या ऐवजी पेटी उघडली. मायच्या लुगड्याचा अर्धा तुकडा दिला. दुसऱ्या अर्ध्याचं बेबीचं झबलं शिवलं होतं, ते खालीच राहू दिलं. माही बेबी अठरा दिवसांची गेली. बावीस वर्षं त्या पेटीले कोणाचा हात नाही.
काहून दिलं, माहीत नाही.

६ जाने.
हे गिरणीतून आल्यावर सांगितलं. म्हणाले, "दिलं तं दिलं. रडते काहून?" म्हटलं कांदा आहे. कांदा नव्हता.
चार घरचं चांगलं, पाचवं माह्यं. त्या लेकराले काही झालं तं

७
गेली पाहाले. म्हातारीचं नाव तुळसाबाई, कन्हानकडची. लेकरू काचेच्या पेटीत. दिवस भरायच्या आधी आलं, वीतभर. आत बल्ब, कोंबडीच्या पिल्लाले लावतात तसा. नर्सले म्हटलं, लेकरू मायच्या कुशीत पाहिजे, डब्यात काय ठेवता. म्हणे, "मावशी, एवढ्या लेकराले मायची ऊब पुरत नाही." हे नवीनच ऐकलं.
भांडायले गेली होती, उभीच राहिली. आगपेटीएवढी छाती, वर खाली, वर खाली, थांबतच नाही. मले माह्या श्वासाची लाज वाटली. केवढा मोठा, अन् त्याचं काही नाही आपल्याले.
अंगाखाली माह्या मायचं लुगडं. हिरवं होतं. उकळून पांढुरकं केलं त्यांनी.
घरी येऊन जेवली नाही.

९
सांगून टाकलं. दवाखान्याच्या पायरीवर. "माह्यं एकच होतं, गेलं. ते पोट्टे शेजारचे. कापड काढून टाका." तुळसाबाई उठून आत गेली.
झालं.

१०
आली नाही. दाराशी भांडं वाजलं की उठून पाह्यते. हे म्हणाले, जाऊन पाह्य. म्हटलं, तुम्ही जा. गेले. येऊन म्हणाले, "लेकरू आहे." एवढंच. चोवीस वर्षांत इतकं गोड कधी बोलले नाहीत.

१२, सोमवार
आली. उभ्यानंच भांडली. "त्या चार घरचे पाच पाच पोट्टे जिते, अन् कापड पाह्यशील तं गोणपाट. कातडी सोलते म्हणून नर्सनं परत केले चारही. तुह्यंच ठेवलं. ते काढून काय घालू, माह्यं डोकं?"
मंग बसली. चहा घेतला. बशी खाली ठेवता ठेवता म्हणे, "माह्यीबी एक गेली वं. कोणाले सांगत नाही मी."
मी तिची बशी पुन्हा भरली. चहा निवला.

१५
पेटी काढली. मायची लुगडी, माही, सगळी फाडून चौकोन केले, कडा शिवल्या, दवाखान्यात नेले. हरेक बाळंतिणीले आधी सांगते, माह्यं लेकरू जगलं नाही, चालत असन तं घे. वाटलं तोंडावर फेकतील. एकीनं नाही म्हटलं. बाकीच्यांनी हात पुढे केले. एक म्हणे, "मऊ आहे ना, मंग झालं."
पाह्यतच राहिली मी. बावीस वर्षं कोणाच्या भेवानं झाकून ठेवलं होतं?
झबलं नाही दिलं.

१८, रविवार
लेकरानं डोळे उघडले. बल्बाकडे पाह्यते, जसं काही ओळखते. उद्या पेटीतून काढतात. जगन ना, विचारलं. डॉक्टरीण म्हणे, बाहेर दोन दिवस काढू द्या, मंग सांगते.
तुळसाबाई म्हणे, "पहिले तुह्या मांडीवर देईन."
म्हटलं, "येडी झाली का वं?"
म्हणे, "मांडी ऊन आहे का नाही, तेवढं सांग."
हो म्हटलं नाही. नाहीबी म्हटलं नाही.
एकच जुनं लुगडं राहिलं, अंगावर नेसायचं. दोनदा धुतलं, वाळत घातलं. थंडीचं लवकर वाळत नाही. बाजूले झबलंबी टाकलं.