आवाज गेलेला भाग

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यानंतर तुमच्या मालिकेची पहिली बैठक काल आपल्या सोनागिरीच्या घरी झाली. ही शेवटचीच, असं ठरवून मी इंदूरहून आले होते. घडलं वेगळंच. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

तुमची ती अंतराळयानाची मालिका! टीव्हीवरून ती कधीच गेली होती, तरी दरवर्षी कारखान्यातली तुमची मंडळी कॅसेटवर ती बघायला जमायची. चपला पार जिन्यापर्यंत यायच्या. प्रत्येकाचं पात्र ठरलेलं आणि कप्तानाचे संवाद तुमचे. कामात सुताएवढी चूक न खपवणाऱ्या तुम्हाला ते डुगडुगणारं पुठ्ठ्याचं यान कसं चालायचं?

मग माणसं निवृत्त झाली, मुलांकडे पुण्या-बंगळूरला गेली. तुम्ही मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. "मोबाइलवर बघा ना," मी म्हणायचे. "मोबाइलवर चहा कुणाला विचारू?" तुम्ही म्हणायचात.

काल फक्त सक्सेना अंकल आणि यादव अंकल आले. मी एक भाग लावला. चित्र दिसलं, पण आवाज येईना. जुनी कॅसेट, खराब झालेली. चला, निर्णय आपोआपच झाला, असं म्हणत मी टीव्ही बंद करायला उठले.

"रहने दो बेटा, चलने दो," सक्सेना अंकल म्हणाले आणि शास्त्रज्ञाचे संवाद बोलू लागले. यादव अंकलनी शत्रूचे धरले. दोघं रंगात आले होते. तेवढ्यात पडद्यावर कप्तान आला. त्याचे ओठ हलत होते आणि खोलीत कुणीच बोलत नव्हतं.

"इंजन बंद करो. पहले सुनो, बाहर कौन है."

आई होती. स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे. शेवटी कप्तान यान माघारी वळवतो, तिथपर्यंत त्याचं एकेक वाक्य तिने म्हटलं. तुम्ही जिथे थांबायचात, तिथेच थांबत.

"भाभीजी, आपको सब याद है?" यादव अंकलनी विचारलं.

"दरवाज़े से भी तो टीवी दिखता है," ती म्हणाली.

बाबा, इतकी वर्षं ती तिथूनच बघत होती. आल्यागेल्याला तुम्ही खुर्ची दिलीत. तिला कधी 'बस' म्हणालात का? रागाने नाही विचारत. काल यादव अंकलनी आपली पुढची खुर्ची तिला दिली, तेव्हा ती थोडी संकोचली, मग बसली.

आणि बसल्या बसल्या म्हणाली, "कप्तान गलत था. उसे लौटना नहीं चाहिए था."

सक्सेना अंकल तर हादरलेच. तुम्ही आणि ते कायम कप्तानाच्या बाजूचे! चहा निवला, तरी वाद संपेना. आई एक पाऊल मागे हटली नाही. तिला इतकं हसताना मी किती दिवसांनी पाहिलं. निघताना सक्सेना अंकलनी विचारलं, "अगले साल?"

मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "अगले साल क्यों? अगले महीने आइए."

तेव्हा बैठक बंद होणार नाही, बाबा. चहा मी करीन. आणि वचन देते, पहिल्या भागापासून सगळी मालिका नीट बघीन. आईसमोर तुमची बाजू मांडायला घरातलं कुणीतरी हवं ना?

तुमची,
शुभा