निचऱ्याची भोकं

४ ऑक्टोबर

तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मागच्या एका घराची भिंत फुगली आहे, असं मी चारचौघांत बजावलं होतं. भिंत पडल्यावर चौघांनाही ते आठवेना. या वेळी गिऱ्हाईक माझी सख्खी धाकटी बहीण आहे. तेव्हा तारीख घालून, शाईने.

आज उतारावरच्या घरात राहायला आले. विकत घेण्याआधी घर तपासून देणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. पण तासाभरात चक्कर मारून 'उत्तम' म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. चार दिवस राहिलं की घर आपले गुण आपणच उधळतं. बारा तारखेला धाकटी आणि मेहुणे सह्या करणार. वर ती दोघं, खालच्या खोलीत मी, असा बेत आहे.

घर छान आहे, हे कबूल करते. रस्त्यावरून थेट वरच्या मजल्यात शिरायचं. जिना उतरला की दरीकडचा सज्जा, सज्ज्यातून माझ्या खोलीचं दार. दारासमोर, खोलीच्या मागच्या बाजूला, टेकडी अडवून धरणारी दगडी भिंत. चहा घेऊन सज्ज्यात बसले. कुणीतरी माझी खोली आधी ठरवून मग घर बघितलं, असं आजवर झालं नव्हतं.

५ ऑक्टोबर

छप्पर ठीक. तुळया ठीक. जमिनीवर गोटी सोडली. उतारावरचं घर कललंच तर दरीकडे कलतं. ही गोटी टेकडीकडे घरंगळत गेली. गंमत वाटली.

खरा दोष मागच्या भिंतीत सापडला. मागचं पाणी झिरपून जावं म्हणून अशा भिंतीत निचऱ्याची भोकं ठेवतात, मूठ जाईल एवढी. ती सगळी कुणा शहाण्याने सिमेंटने ठासून बुजवली आहेत! पाणी तुंबलं की ते भिंतीला ढकलतं, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पदर खोचला, छिन्नी-हातोडा घेतला आणि सगळी मोकळी केली. धाकटी आणि मेहुणे घटकाभर घर बघायला आले होते. मेहुणे वरून म्हणाले, ताई, आमच्या घराला नाकपुड्या पाडताय की काय. धाकटी खो खो हसली. मीही.

६ ऑक्टोबर

भोकांतून पाण्याचा थेंब नाही. कोमट, दमट हवा मात्र येते, बंद ट्रंकेतल्या कपड्यांसारख्या वासाची. मागे पोकळी असणार.

कोपऱ्यातल्या भेगेवर नेहमीप्रमाणे काचेची पट्टी आडवी चिकटवली. भेग रुंदावली तर काच तुटून फाकते. घर खोटं बोलेल, काच बोलत नाही.

७ ऑक्टोबर

काच तुटली, पण फाकली नाही. तुकडे एकमेकांवर चढून चुरडलेत. म्हणजे भेग मिटते आहे. घर दरीकडे सरकत नाही, टेकडीकडे ओढलं जातंय. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही.

घरमालकाला फोन लावला. म्हातारा भेगेबद्दल एक अक्षर बोलला नाही. भोकं उघडली का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. सगळी? सगळी. त्याने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

८ ऑक्टोबर

काल पलंग दार आणि भिंत यांच्यामध्ये उभा मावत होता. आज दाराला अडतो. पलंग वाढत नाही.

भोकासमोर दोरा धरला. दोरा बाहेर उडाला. थांबला. मग आत ओढला गेला. पुन्हा बाहेर. गाढ झोपलेल्या माणसाच्या संथपणे.

धाकटीला फोन करून सगळं सांगितलं, सही करू नकोस म्हटलं. ती भडकली. म्हणाली, तुला कुणाचं धड झालेलं बघवतच नाही. माझ्या लग्नातसुद्धा तुला भेग सापडली होती, ताई! अजून वाट बघतेयस ना, कधी पडतं त्याची? मी म्हटलं, लग्न टिकलं, चांगलं झालं. घर टिकणार नाही. तिने आदळून फोन ठेवला.

९ ऑक्टोबर

काल भोकं पुन्हा बुजवली. आज सिमेंटचे गोळे जमिनीवर. आतून चोखल्यासारखे गुळगुळीत.

दार लागताना घासतं. बिछाना वरच्या मजल्यावर हलवला. श्वास आता संथ नाही.

१० ऑक्टोबर

भर दुपारी धाकटी आली, मेहुण्यांना घेऊन, काखेत उशी. म्हणाली, दुपारची झोप तुझ्या त्या भुताच्या खोलीतच काढते, मग बोल. मी हात धरला. तिने झटकला. लहानपणापासून बोट दाखवलंस, हात कधी दिलास? असं म्हणून दार लोटलं.

दार बसलं. मग दाराची चौकट करकरली.

आतून हाक आली. ताई, दार उघडत नाहीये. आधी चिडून. मग—

मेहुणे आणि मी दोघांनी खांदा लावला. पहार आणली. भिंतीचा श्वास थांबला होता. खोल घेतल्यावर थांबतो तसा.

दार फुटलं. दारामागे खोली नाही. दगडी भिंत. उंबऱ्याला टेकलेली, भोकांसकट. खिडकीच्या गजांनाही आतून दगड.

११ ऑक्टोबर

माणसं आली, खणून गेली. मागे नुसता कातळ म्हणतात. घर दाखवणारा दलाल म्हणतो, खाली खोली होतीच कुठे. मेहुणे माझ्याकडे बघत नाहीत. भोकं कुणी उघडली, माहीत असूनही एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी.

१२ ऑक्टोबर

सह्यांचा दिवस. लेखीच देते.

मेहुण्यांना दिलं : वरच्या दाराच्या किल्ल्या.

भिंतीने मला दिलं : मधल्या भोकातून धाकटीची बांगडी. गुळगुळीत. कोमट. नक्षी गेलेली.

कान लावला. आत ती आहे. ताई म्हणते. रागावलेली नाही. हात दे म्हणते, एवढंच. भिंत तिचा आवाज काढते आहे, ते मला कळतं. सगळं कळतं. तरी ती हात मागते आहे, आणि मी आयुष्यभर—

उजव्याने लिहिते आहे.

मी भिंतीला दिलं : डावा हात. मनगटापर्यंत. कोपरापर्यं—